सैतानासाठी लावलेलं घड्याळ

आमच्या सांता अपोलोनियाच्या चर्चला दोन मनोरे आणि दोन घड्याळं. डावीकडचं खरं सांगतं, उजवीकडचं खोटं. उजवीकडच्याला काटे आहेत, आकडे आहेत, कडेनं सोनेरी वेलबुट्टीसुद्धा आहे, पण आत यंत्र नाही. ते मुळात बसवलंच नव्हतं. सैतान गल्लीत आला की त्यानं वर बघावं, दोन घड्याळं दोन वेळा सांगतायत म्हणून गोंधळावं, आणि मिस्सेच्या प्रार्थनेला असो की कुणाचा जीव जायच्या घटकेला असो, हमखास उशिरा पोचावं, एवढ्यासाठी आमच्या वाडवडिलांनी ते तिथं लावलं. माल्टाच्या या वालेट्टा शहरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. ठाऊक असून सांगायची लाज वाटते ती फक्त जरा शिकलेल्यांना, आणि आमच्या वस्तीत सगळा घोळ घातला तो त्यांनीच.

झालं काय, की घुमट गळायला लागला. वरच्या चित्रातल्या देवदूतांना बुरशी आली. सांता अपोलोनिया म्हणजे दातदुखीची संत, तिच्या मूर्तीच्या हातात चिमटा आणि चिमट्यात दात. तर तो दातसुद्धा पावसाळी हवेनं हिरवा पडला. चर्चच्या कमिटीनं जुन्या इमारती वाचवणाऱ्या कुठल्याशा परदेशी संस्थेकडे पदर पसरला. कमिटीचे अध्यक्ष आमचे पाद्री दुन, म्हणजे फादर, अल्विज आणि चिटणीस आमचे हे, नेनु. नेनु गोदीत कारकून होते. पण कमिटीत शिरल्यापासून जेवतानासुद्धा "माझ्या मते ठराव असा मांडावा" असं बोलायला लागले होते. मी म्हटलं, "आधी मीठ मागायचा ठराव मांडा, भाजीत कमी आहे."

संस्थेनं तज्ज्ञ पाठवला. डॉक्टर लुंडग्रेन, थेट स्वीडनचा. ताडमाड उंच आणि इतका गोरा, की बंदरापासून वर चढून येईपर्यंत भाजून लाल झाला. तो येणार म्हणून सणाला काढायचं लाल रेशीम कमिटीनं भलत्याच महिन्यात पेट्यांतून काढून खांबांना गुंडाळलं. चांदी घासली, संतिणीचा दात घासला. मला पास्तिझी, म्हणजे आमच्याकडच्या खुसखुशीत करंज्या, करायला बसवलं, अर्धी चीजची आणि अर्धी वाटाण्याची. "आपण मागासलेले आहोत असं त्याला वाटता कामा नये," असं दुन अल्विजनी सगळ्यांना बजावलं. ते रोममध्ये शिकून आलेले. रोमबद्दल ते इतकं बोलत, की पोप अधूनमधून त्यांचाच सल्ला घेत असावा असं वाटे.

आमच्या चर्चमध्ये वीतभर जागा रिकामी दिसली, की पूर्वजांनी तिथं एक देवदूत बसवून टाकलाय. सोन्याचा मुलामा, संगमरवराच्या रंगीत कबरी, कबरींवर हसणारे सांगाडे, सांगाड्यांच्या हातात पुन्हा फुलांचे हार. लुंडग्रेन आत आला आणि छत नीट दिसावं म्हणून सरळ फरशीवर उताणा पडला. दुन अल्विजना वाटलं, उन्हानं चक्कर आली. ते पवित्र पाणी घेऊन धावले. तो पडल्यापडल्या म्हणाला, "सुंदर." मग उठून प्रत्येक खांबाला हात लावून आला. मला तो आवडला. आमच्याकडे बायका नवऱ्यालाही इतक्या मायेनं हात लावत नाहीत.

निरोप घ्यायला सगळे पायऱ्यांवर आले. मी पास्तिझीचं ताट घेऊन मागे उभी. लुंडग्रेननं वर पाहिलं आणि विचारलं, "ते उजवीकडचं घड्याळ चुकीची वेळ का दाखवतं?"

कमिटीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. प्रत्येकानं शेजाऱ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या तज्ज्ञासमोर, गोऱ्या माणसासमोर, सैतानाचं नाव काढायचं कुणी? आमचे हे बुटांकडे बघत राहिले. शेवटी दुन अल्विज खोकले आणि म्हणाले, "निधीची कमतरता."

लग्नाआधी मी एका इंग्रज कप्तानाच्या घरी कामाला होते, त्यामुळे ते काय म्हणाले ते मला नीट कळलं. ताट हातातून पडायचंच बाकी होतं. लुंडग्रेनच्या डोळ्यांत मात्र कणव दाटून आली. त्यानं दुन अल्विजचा हात हातात घेतला आणि सांगितलं, घुमटाचं तर करूच, पण घड्याळाचं सगळ्यात आधी करू.

नाही म्हणायची आणखी एक संधी होती. पण नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. तेव्हा कमिटीनं मूग गिळले आणि मनोऱ्याला परांची बांधली. घड्याळाच्या पोटात परदेशी यंत्र बसलं. मंत्री आले, बँड वाजला, लाल फीत कापली गेली. आपला देश आता काळाबरोबर चालू लागला आहे, असं मंत्री म्हणाले. ते वाक्य आपण लिहून दिलं होतं, असं नेनु अजूनही सांगतात. खाली संगमरवरी पाटी लागली आणि दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवायला लागली. टाळ्या वाजल्या खऱ्या, पण माणसं घरी गेली ती मान खाली घालून. कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं जाताना छातीवर क्रूस काढलेला मी पाहिला.

हे सगळं आमच्या सासूबाईंनी खाटेवरून पाहिलं. आमचं घर चर्चच्या बरोबर समोर, दुसऱ्या मजल्यावर. लाकडी सज्जाला लागून त्यांची खाट. सासूबाईंचं नाव कार्मनी, वय भरपूर, आणि छातीत पाणी झालेलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. सासूबाईंची मात्र काही तक्रार नव्हती. मरायची त्यांनी लग्नासारखी तयारी केली होती. काळा पोशाख इस्त्री करून ठेवलेला, केसांत कुठली पिन लावायची ते मला सांगून झालेलं, शेजारणींच्या जुन्या भांडणांची माफी मागून झालेली, आणि ज्यांनी माफी दिली नाही त्यांना शिव्या देऊनही झालेल्या. शुक्रवारी दुन अल्विज येऊन तेल लावणार, शेवटचा संस्कार करणार, असं ठरलं होतं. गोझो बेटावरून त्यांची बहीण जिजा सामान घेऊन येऊन बसली होती, काळे मोजे घालूनच.

उद्घाटन झालं गुरुवारी. शुक्रवारी सकाळी मी खोलीत गेले, तर सासूबाई उशीला टेकून बसलेल्या. "दुन अल्विजला सांग, येऊ नको. मला इतक्यात मरायचं नाही."

मी म्हटलं, "बरं वाटतंय का?"

"बरं कसलं वाटतंय? श्वास घेतला की सुऱ्या खुपसल्यासारखं होतंय. पण मरायचं नाही."

आणि खरंच त्या मरेनात. डॉक्टर येऊन बघून जाई आणि जिन्यात थांबून डोकं खाजवे. दिवसेंदिवस त्या बसून राहत. झोप आली तर स्वतःच्या दंडाला चिमटे काढत, झोपेत नकळत जीव जाऊ नये म्हणून. रात्ररात्र कण्हत. जिजामावशीनं आमचा सशाचा रस्सा खाऊन खाऊन वजन वाढवलं, आणि रोज जेवण झाल्यावर मला विचारी, "आज काय वाटतंय गं तिचं? माझ्या कोंबड्यांकडे शेजारीण बघतेय, तिचा काय भरवसा?"

नेनु म्हणाले, "आई जगतेय तर तुला काय त्रास होतोय?" आता या माणसाला काय सांगायचं? जगतेय ते दिसत होतं सगळ्यांना. कशी जगतेय ते मला दिसत होतं. अंग पुसताना त्यांचे दंड काळेनिळे झालेले मी बघत होते. मला सहन होत नव्हतं ते.

एके दिवशी सूप पाजताना मी चमचा खाली ठेवला. "आई, आता सांगा. नाहीतर हे सूप मी जिजामावशीला देते."

त्यांनी सज्जाबाहेर बोट दाखवलं. "ते बघ. दोन्ही सारखी."

"म्हणून तुम्ही घाबरलात? सैतान वेळेवर येईल म्हणून? तुम्ही कुठली एवढी पापं केलीत?"

"माझ्यासाठी कोण घाबरतंय, वेडे?" त्यांना धाप लागली. मग म्हणाल्या, "विजीसाठी."

विजी म्हणजे नेनुंचा थोरला भाऊ. मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेला. कोरड्या गोदीत जहाजावरून पडला आणि तिथंच संपला. पाद्री पोचला नाही, तेल नाही, कबुली नाही. आणि पोरगा काही साधा नव्हता, पत्ते, बाया, सगळं होतं. सासूबाई तेव्हा वेड्यापिशा झाल्या होत्या. तर त्या वेळचे म्हातारे पाद्री दुन पावल घरी आले, त्यांना सज्जात उभं केलं आणि म्हणाले, "कार्मनी, वर बघ. सैतान कुठलं घड्याळ बघून निघाला असेल? तो गोदीत पोचेपर्यंत तुझा पोरगा वर जाऊन हातपाय धुऊन बसलाय."

"त्या दिवशी मी जेवले," सासूबाई म्हणाल्या. "आणि तेव्हापासून रोज ते घड्याळ बघून जेवत आले. आता हा अल्विज त्या गोऱ्याला सांगतो, की ते नुसतं बिघडलेलं होतं. पैशावाचून पडलेलं होतं. नेनुनंच सांगितलं मला, मोठ्या कौतुकानं. बिघडलेल्या घड्याळाला सैतान कशाला फसेल? बिघडलंय ते कुणालाही कळतं. मग विजी कुठंय, जुझा? मी मेले, तिथं गेले, आणि तो नसला तर?"

सूप गार झालं. मी त्यांचा हात धरून बसले आणि मनात दुन अल्विजला अशा शिव्या घातल्या, की कबुलीच्या पेटीत मला त्या त्यांच्यासमोरच सांगाव्या लागल्या असत्या.

तशीच उठून चर्चमध्ये गेले. दुन अल्विज झगा बदलत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "घरी चला, आणि ते घड्याळ कशासाठी होतं ते आईंना सांगा."

"जुझा, तू समजून घे. ती लोकांची समजूत आहे. चर्चचं अधिकृत म्हणणं तसं नाही. रोममध्ये आम्हाला—"

"मग तसं सांगा. या, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा, की रोममध्ये तुम्हाला विजीबद्दल काय शिकवलं."

त्यांनी झग्याची गुंडी चुकीच्या काजात घातली. "कमिटीपुढे विषय ठेवतो," म्हणाले.

कमिटीपुढे ठेवला की विषय आपोआप मरतो, सासूबाई नाही मरत. मी वाट बघत बसले नाही. पुढच्याच आठवड्यात लुंडग्रेन काम तपासायला आला. मी चर्चमध्ये गेले तर स्वारी पुन्हा घुमटाखाली उताणी पडलेली, आणि दुन अल्विज शेजारी उभे राहून बुरशी कशी गेली ते सांगतायत. मी लुंडग्रेनच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, "साहेब, माझी सासू घड्याळासाठी मरत नाहीये. वर आमच्या घरी चला."

दुन अल्विज म्हणाले, "हिचं काही मनावर घेऊ नका."

लुंडग्रेन उठला आणि त्यानं पाठीवरची धूळ झटकली. "मला सज्जासुद्धा बघायचा आहे," म्हणाला. मग काय, दुन अल्विजना मागोमाग यावंच लागलं.

सासूबाईंनी मला केस विंचरायला लावले, शाल पांघरली आणि पाहुण्याला घट्ट दुधाचा चहा द्यायला सांगितलं. लुंडग्रेन खुर्चीत मावेना, गुडघे हनुवटीपर्यंत आले. जिजामावशी दारात उभी.

"अल्विज," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी या माणसाला लंगोटात पाहिलेलं, त्या कशाला दुन म्हणतील? "त्याला विचार, घड्याळ बिघडलंय असं त्याला कुणी सांगितलं?"

दुन अल्विजनी इंग्रजीत सांगितलं, की म्हातारी तुमचे आभार मानते आहे.

मी म्हटलं, "असं नाही म्हणाल्या त्या. तुम्ही सांगता की मी सांगू?"

मग त्यांनी खरं विचारलं. लुंडग्रेन बुचकळ्यात पडून म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत, फादर."

"काय म्हणतोय तो?" सासूबाई.

दुन अल्विजना घाम फुटला. "तो म्हणतो... मी सांगितलं."

"मग आता खरं काय ते सांग. त्याच्या भाषेत सांग, आणि मग माझ्या भाषेत."

मला वाटलं, हा माणूस आता पुन्हा खोकणार. खोकलेच ते. पण मग सुरुवात केली. आधी जमिनीकडे बघत, एकेक शब्द दाताखाली चावत. सैतान म्हणताना आवाज इतका खाली आला, की लुंडग्रेननं दोनदा विचारलं, कोण? मग हळूहळू ते आपल्या आजीनं सांगितलेलं सांगायला लागले. सैतान बंदरातून कसा चढतो, कोपऱ्यावर थांबून टाचा वर करून कसा बघतो, कुठल्या घड्याळावर भरवसा ठेवावा ते त्याला कसं कळत नाही, चिडून आपलीच शेपटी कसा चावतो. हात हलायला लागले. रोम कुठल्या कुठं राहिलं. जिजामावशी दारातून म्हणाली, "आमच्या गोझोत तो डाव्या पायानं लंगडतो," तर त्यांनी तेही इंग्रजीत करून सांगितलं.

लुंडग्रेन हसला नाही. चहाचा कप गुडघ्यावर धरून तो नीट ऐकत होता. मग यंत्राबद्दल विचारावं तसं त्यानं विचारलं, "पण त्यानं रस्त्यात कुणाला तरी वेळ विचारली तर?"

सासूबाई म्हणाल्या, "या गल्लीत त्याला खरी वेळ कोण सांगेल?"

"आणि बंद घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं."

"असू दे. अधूनमधून खरं निघालं नाही, तर त्याचा विश्वास कसा बसेल?"

लुंडग्रेननं सज्जातून त्या घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे ते बिघडलेलं नव्हतं," तो म्हणाला. "ते काम करत होतं. मी ते बिघडवलं." दुन अल्विजनी याचं भाषांतर केलं, कुणी न सांगता.

त्याच्या संस्थेचा नियम असा, की जुनी वस्तू मूळ स्थितीत आणायची. आणि मूळ स्थिती होती चुकीची वेळ. तेव्हा पुन्हा परांची, पुन्हा लाल फीत, पुन्हा बँड, पुन्हा तेच मंत्री. आपला देश परंपरा विसरलेला नाही, असं ते या खेपेला म्हणाले. तेही आमच्या ह्यांनीच लिहून दिलेलं. चालू घड्याळ बंद करण्याचा असा थाटामाटाचा समारंभ दुसरीकडे कुठं झाला असेल असं मला वाटत नाही. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. आधी त्यात नक्की कुठली चुकीची वेळ होती ते कमिटीत कुणालाच आठवेना. खोटं म्हणून कुणी बघितलंच नव्हतं कधी. दोन गट पडले, एका बैठकीत खुर्ची मोडली. शेवटी सासूबाईंनी निरोप धाडला, "कुठलीही ठेवा. खरी नको."

समारंभ त्यांनी उशीला टेकून पाहिला. संध्याकाळी थोडं सूप घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी दंडाला हात न लावता झोपल्या. सकाळी मला म्हणाल्या, "आता अल्विजला बोलाव."

दुन अल्विज तेल घेऊन आले. प्रार्थना म्हटली, कपाळाला आणि तळव्यांना तेल लावलं. मी आणि नेनु पायाशी गुडघे टेकून होतो. सगळं झाल्यावर सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"विजी तिथं आहे ना?"

"कार्मनी, परमेश्वराची दया अथांग आहे. आपल्याला तिचा अंत—"

"ते मला ठाऊक आहे. विजी आहे का, तेवढं सांग."

दुन अल्विजनी आमच्याकडे पाहिलं. नेनु रडत होते. मी त्यांच्याकडे बघून काही खुणावलं नाही, डोळे मिटून घेतले.

"आहे," ते म्हणाले.

"बरं," म्हणून सासूबाईंनी मनगट सोडलं. दुपार उतरेपर्यंत त्या गेल्या. त्रास झाला नाही. जिजामावशी सगळ्यात जास्त रडली, आणि खरं रडली.

मी पोशाख चढवला, पिन लावली, खोलीचं दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात दुन अल्विज एकटेच बसलेले होते. मी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"जुझा," ते म्हणाले, "मला ते माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणच नाही. तरी मी आहे म्हणून सांगितलं. पाद्री असून, तेल लावलेल्या हातांनी. ते खोटं निघालं तर?"

इतके दिवस या माणसाशी भांडले होते मी. त्या क्षणी मात्र त्यांचा इतका कळवळा आला, की मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"आईंना आत्तापर्यंत कळलं असेल," मी म्हटलं. "आणि तुमचं चुकलं असतं, तर त्या गप्प पडून राहणाऱ्यांतल्या नव्हत्या."

आम्ही दोघंही दाराकडे बघत बसलो. आतून काही आवाज आला नाही.